दोऱ्यांच्या पेटीत नसलेला रंग

९ एप्रिल

पुडीवाली,

हो, मीच. अक्षर ओळखलं असशील. गिऱ्हाइकांच्या मापाच्या चिठ्ठ्यांवर हेच अक्षर बघून तू हसायचीस. पाकीट फाडून फेकायचं असेल तर आधी आतलं पान काढून घे, त्याच्यासाठीच लिहितेय.

मागच्या अंगणात, तू बियांच्या पुड्या घेऊन बसायचीस त्या तुझ्या वाफ्यात, काहीतरी उगवलंय. मी पेरलेलं नाही. कुणीच पेरलेलं नाही. तू गेल्यापासून त्या मातीला मी हात लावलेला नाही, पाणी घालणं तर दूरच. थंडीभर तिथे वाळक्या काड्या उभ्या होत्या, त्याही वाऱ्याने आडव्या झाल्या. मी म्हटलं, संपलं. काल कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला म्हणून वाकले, तर मातीभर हिरवं. गवत समजून उपटायला हात घातला आणि पान बोटाला लागलं. खरखरीत, नव्या कॅनव्हाससारखं. आयुष्यभर डोळे मिटून कापड ओळखत आले, हे पान मला कळणार नाही का? तू पाणी घालून आत यायचीस तेव्हा तुझ्या हातांना याचाच वास असायचा.

मला एकच कळत नाही. त्यांना उठवलं कुणी? घरात मला सकाळी कुणी हाक मारून उठवत नाही, गजर लावावा लागतो. आणि ही एवढीएवढीशी, कुणी पाणी दिलं नाही, कुणी विचारलं नाही, वेळ झाली तशी आपली आपण वर आली. मी तिथेच बसून राहिले. कपडे बादलीत तसेच राहिले, वास यायला लागल्यावर परत धुतले.

एक पान सोबत आहे. तुझीच आहेत का, एवढंच सांग. माझा लेक बरा आहे. तू विचारणार नाहीस म्हणून सांगितलं.

कोर्टाचा कागद झाल्यावर मी तुझी कोण लागते ते मला ठाऊक नाही, म्हणून सही जुनीच करते.

सासूबाई


२४ एप्रिल

पुडीवाली,

कार्ड पोचलं. "झिनिया आहे. वीतभर अंतर ठेवून बाकीची काढा. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको." बस. वर काही नाही, खाली काही नाही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त लिहितात, आणि ती लेबलं तर कामावर तूच चिकटवतेस.

पण उत्तर आलं. मी काही म्हणत नाही.

बाकीची काढा, असं तू सहज लिहितेस. एकेकीला उपटायचं म्हणजे तिने काय गुन्हा केला? शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणावरून बघत होत्या, म्हणाल्या, "अहो, तुम्ही रोपांची माफी मागताय की काय?" मी म्हटलं, "मनातल्या मनात मागत होते, तुम्हाला ऐकू आलं?" उपटलेली फेकवली नाहीत. फुटक्या बादलीत, गळक्या टोपात, तेलाच्या डब्यात लावली. आता न्हाणीघराच्या दारात पाय ठेवायला जागा नाही. तो आंघोळीला जाताना ठेचकाळतो आणि डबा सरळ करून ठेवतो.

पाणी मुळाशीच घालते. चहाच्या जुन्या किटलीने. नळी बारीक आहे, नेम बरोबर लागतो.

सासूबाई


२० मे

पुडीवाली,

शेंडे खुडा म्हणालीस, खुडले. कात्री नको, नखानेच, हेही पाळलं. मला वाटलं होतं झाड रुसेल. तर जिथे खुडलं तिथून दोन फांद्या. समोरासमोर, अगदी मापात. मी बाह्या बेतते तेव्हा डावी आणि उजवी सारखी यावी म्हणून कापड दुमडून घेते, खडूने खूण करते, तरी कधी पाव इंच चुकते. इथे खडू कुणाच्या हातात आहे ते मला दिसत नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघते. रात्रीत वाढलेलं असतं. मी टक लावून बघत बसले की तसूभर हलत नाही, आणि पाठ फिरवली की वाढतं. याला काय म्हणावं?

परवा एका मुलीच्या लग्नाचा झगा शिवायला आला होता. तिच्या आईला मी मापं घेता घेता कळ्यांबद्दल सांगत बसले. ती म्हणाली, बाई, कंबर दोनदा मोजलीत.

तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मला आजवर धड समजलं नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, काही नाही झालं गं. मला वाटतं तेच झालं असावं. इतकी वर्षं काहीच नाही झालं. असो. मी कळ्यांबद्दल लिहायला बसले होते. कळीवर खवले असतात, एकावर एक, कडेला काळी रेघ. एवढी बारीक किनार मला भिंग लावूनही जमणार नाही.

सासूबाई


११ जून

पुडीवाली,

फुललं.

सोबतचं पुठ्ठ्याचं कार्ड नीट उघड, दोरे सुटतील. फोटो काढून पाठव असं तू म्हणशील, पण फोटोत रंग खोटा येतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले. कापडाला दोरा जुळवतात तसं मी केलं. दोऱ्यांची पेटी उचलून वाफ्यापाशी नेली, एकेक रीळ फुलाला लावून बघितलं, जुळलं की वीतभर तोडून पुठ्ठ्यावर गुंडाळलं. पहिला दोरा कुंपणाजवळच्या झाडाचा, शाळेच्या गणवेशाच्या टायला लागतो तो लाल. दुसरा मधल्या दोघांचा, जर्द केशरी. तिसरा फिकट पिवळा, अस्तराचा. चौथा गुलाबी, लहान मुलींच्या फ्रिलचा, थोडा भडक आहे, फूल त्याहून शांत आहे.

पाचव्या जागी दोरा नाही. मी विसरले नाही. पाचवं तुझं ते आहे.

भिंतीकडच्या कोपऱ्यात एकच झाड. पाकळीच्या टोकाला फिकट हिरवा, तोही हिरवा म्हणावा की नाही असा, आणि आत येता येता विटेचा गुलाबी, आणि मध्ये दोन्ही एकमेकांत कधी शिरले ते दिसत नाही. दुपारी वेगळं, ऊन उतरल्यावर वेगळं. पेटीतलं एकूण एक रीळ लावून बघितलं. कपाटाच्या माथ्यावरची जुनी पेटी काढली, ज्यात बंद पडलेल्या गिरण्यांचे दोरे आहेत, तीही. काही नाही. माझ्या घरात रंगांची कमतरता आहे असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

याच्यासाठीच तू सहा वर्षं त्या मातीत गुडघे टेकलेस ना? दर वर्षी म्हणायचीस, आई, अजून जमलं नाही, हिरवा येतो तर गुलाबी पळतो. मी म्हणायचे, फुलात काय जमायचंय, ते काय भाजी आहे? आता पहिल्यांदा नीट बघितलं. बाई, जमलंय गं.

मी ते तोडून दुकानाच्या टेबलावर ठेवते, काचेच्या पेल्यात. त्या झाडाचं जे फूल उमलेल ते रोज टेबलावर. चांगलं ते समोर ठेवावं, आतल्या अंधारात कशाला. येणारा जाणारा विचारतो, काय आहे हे, कागदाचं का? मी म्हणते, माझ्या सुनेचं आहे. तोंडातून तसंच निघतं.

सासूबाई


२८ जून

पुडीवाली,

तुझं पत्र समोर ठेवूनच लिहितेय.

मला कुणी सांगितलं नव्हतं गं. चांगलं फूल तोडायचं नसतं, तेच ठेवायचं असतं, ते तिथेच झाडावर म्हातारं होऊन वाळू द्यायचं असतं, आणि त्याचंच बी धरायचं. मी अख्खं आयुष्य उलटं केलंय. चांगलं कापड गिऱ्हाइकाला, चिंधी घरात. चांगला कप पाहुण्याला, कान तुटलेला मला. चांगलं फूल टेबलावर. आणि खुरटी, किडकी, कुणी न बघणारी तेवढी मागे झाडावर राहिली, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांचीच पोरं. पेल्यातली मी रोज कचऱ्यात टाकत होते. ज्यांच्यात बी भरलं असतं ती.

तुझ्याजवळ असेल असं मला वाटत होतं. तू तर पुड्या घेऊन गेली होतीस. आता लिहितेस की नव्या खोलीच्या भिंतीला ओल होती, कपाटात बुरशी आली, सगळं बी कुजलं, आणि "मी कुणाला सांगितलं नाही." मला का नाही सांगितलंस? बरं, मी कोण लागते.

म्हणजे आता जगात ते फक्त इथे आहे, भिंतीकडच्या त्या एका झाडावर, आणि त्याची मी मुंडी साफ केलीय. ही झाडं एका वर्षाची. थंडी पडली की गेलीच. पुढच्या वर्षी तेच झाड परत फुटेल असं नाही. आहे ते बियात, आणि बी नाही तर काहीच नाही. हे तू लिहिलंस तेव्हा मला नीट समजलं.

बॅटरी घेऊन खाली वाकून बघितलं. पानांच्या सावलीत, अगदी बुडाशी, दोन कळ्या आहेत. मी त्यांना बोट लावलं नाही. श्वासही जपून घेतला.

काय करायचं ते सविस्तर लिही. कार्डावर नको. पानभर लिही.

सासूबाई


१९ जुलै

पुडीवाली,

पानभर लिहिलंस, दोन्ही बाजूंनी. जपून ठेवलंय.

मलमलीच्या टोप्या शिवल्या. तू करायचीस त्या बघून मी म्हणायचे ना, फुलांना टोपडी घालतेस, पाळणाही बांध. आता माझ्या टोप्या बघ म्हणावं. तुझ्या कच्च्या टाक्याच्या होत्या. माझ्यांना आतून दुमड आहे, गळ्याला नाडी आहे. मधमाशी आत गेली तर मी नाव बदलीन. त्या माशा दिवसभर टोपीवर डोकं आपटतात, लालचा पराग पायाला फासून आलेल्या. त्यांच्यावर रागावता येत नाही, त्यांचा तो धंदाच आहे.

आणि ब्रश. डोळ्यांना लावायचा काळा ब्रश आणला, बारीक केसांचा. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. सकाळी दव सुकलं की टोपी काढायची, या फुलाच्या मधल्या पिवळ्या चांदण्यांवर ब्रश फिरवायचा, त्या फुलावर टेकवायचा, परत उलट. मी भिंगाने बघितलं. तुला माहीतच असेल, पण मला सांगू दे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ना, ते एक नसतंच. ती पिवळी प्रत्येक चांदणी म्हणजे एक फूल आहे. तिला पाच टोकं आहेत. आज ही फुलते, उद्या तिच्या आतली, परवा तिच्याही आतली. एवढ्या एका बटणाएवढ्या जागेत अख्खी वस्ती, आणि प्रत्येकीची पाळी ठरलेली. मी इतके दिवस यांना फूल म्हणून पेल्यात खोचत होते. मला भीती वाटली. चांगली भीती. मोठ्या घरात चुकून शिरल्यावर वाटते तशी.

काल तो मागे येऊन उभा राहिला. मी गुडघ्यांवर, हातात काजळाचा ब्रश. म्हणाला, "काय करतेस?" म्हटलं, "गिऱ्हाइकाचं काम आहे." त्याने टोपी हातात धरली, मी ब्रश फिरवेपर्यंत. मग म्हणाला, "नाडी घट्ट नको बांधू, ती सैल ठेवायची." मी वर बघितलं नाही. तू हे लिहिलं नव्हतंस. त्याने तुला करताना बघितलं असणार.

सासूबाई


३० सप्टेंबर

पुडीवाली,

दोन्ही फुलं वाळली. देखणेपण सगळं गेलं, मळक्या लोकरीच्या गोंड्यांसारखी दिसत होती, आणि मला त्याहून महत्त्वाचं घरात काही नव्हतं. मध्ये चार दिवस पाऊस लागला तेव्हा वर छत्री बांधली. पोस्टमन म्हणाला, तुम्ही भिजताय आणि झाड छत्रीत. मी म्हटलं, मी वाळते परत, ते नाही वाळणार.

आज टेबलावर पांढरा कागद पसरून, पंखा बंद करून, दोन्ही उकलली. एकेका वाळक्या पाकळीच्या बुडाशी एक बी. चपटं, टोकदार, मातकट. बहुतेक पोकळ निघाली, नखाने दाबली की कळतं, तू लिहिलंस तसं. भरलेली एक चिमूटसुद्धा नाही. पण आहेत.

मी त्यातलं एक तळहातावर ठेवून बसले. वजन लागत नाही. पापणी पडली असती तर जास्त लागलं असतं. यात ती हिरवी कड आहे. यात खरखरीत पान आहे, समोरासमोरची फांदी आहे, खवल्यांची काळी किनार आहे, चांदण्यांची पाळी आहे, आणि कधी उठायचं त्याचा गजरही आहे. माझ्या पेटीत जो रंग नाही तो यात आहे, आणि बाहेरून हे कोंड्यासारखं दिसतं. मी देवभोळी नाही, तुला माहीत आहे. पण कागदापुढे हात जोडावेसे वाटले, आणि जोडले. कुणी नव्हतं घरात.

अर्धी या पुडीत आहेत. तुझीच आहेत. ओल लागू देऊ नकोस.

सासूबाई


१५ ऑक्टोबर

पुडी परत आली. न उघडता. "माझ्याकडे जमीन नाही. तुम्हीच पेरा. माझं तिथलं सगळं संपलंय."

बरं.

मला राग आलाय, तो लिहूनच टाकते, म्हणजे उशाशी राहणार नाही. जमीन नसते तेव्हा लोक कुंडी घेतात. संपलंय म्हणतेस, मग पानभर दोन्ही बाजूंनी कुणी लिहिलं? बी कुजलं तेव्हा रडली नव्हतीस का? मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. त्याच्यासाठी तर नाहीच नाही. तो मोठा झालाय, स्वतःचं स्वतः बघेल. पण हे माझ्या एकटीच्या गळ्यात टाकू नकोस. मी शिंपीण आहे. मी उसवलेलं शिवते, जे नाही ते करता मला येत नाही.

पेरीन मी. पण माझ्या हातून बिघडलं तर मला बोलायचं नाही.


२ मे

पुडीवाली,

थंडीभर लिहिलं नाही. तूही नाहीस. दोघी सारख्याच हट्टी, शोभतो आपण.

सगळी पेरली. तुझी अर्धी, माझी अर्धी, वेगवेगळ्या ओळींत, मध्ये दोरी टाकून. उगवतील की नाही या धास्तीने मला जेवण जाईना. मग एका सकाळी माती जराशी फुगलेली दिसली, जागोजाग. माती वर उचलून धरली होती त्यांनी, डोक्यावर. दुपारपर्यंत बाजूला सारून उभी राहिली.

तुझ्या ओळीतली आणि माझ्या ओळीतली आता मला ओळखू येत नाहीत. दोरी मी काढून टाकली.

सासूबाई


१४ जून

पुडीवाली,

कार्ड उघडताना सांभाळ. या वेळी कार्डावर दोरे कमी आणि रिकाम्या जागा जास्त आहेत.

एक म्हणून दुसऱ्यासारखं नाही. एकाच आईची पोरं, बाहेरचा पराग मी आत येऊ दिलेला नाही, शपथेवर सांगते. आणि तरी हे बघ. एकाला हिरवा एवढा की गुलाबी शोधावा लागतो. एक आतून वीट, बाहेरून वीट, हिरव्याचं नावच नाही. एक तुझ्या त्या फुलासारखं आहे, पण पाकळ्या विरळ. एक त्याच्याहून सरस आहे, असं मला वाटतं, पण ऊन उतरल्यावर मला वाटत नाही. आणि एक डावीकडे, वाकडं, फिकट, धुतलेल्या धुण्यासारखं, कशातच न बसणारं.

तू लिहिलं होतंस की वाण राखायचा तर नकोत ती फुलताक्षणी उपटायची, नाहीतर माशा सगळं एकत्र करतात आणि दोन वर्षांत परत लाल-केशरी. आता प्रत्येकाला टोपी घालायला मला दिवस पुरत नाही. म्हणजे उपटायला हवीत. कुठली? मी रोज सकाळी ठरवून जाते आणि रोज बघत बसून परत येते. गेल्या वर्षी मी चुकीची तोडली. या वर्षी चुकीची उपटली तर तुझी सहा वर्षं आणि माझी दोन गेली. हे दोऱ्यावरून ठरत नाही. आता मी काय करू ते सांग. माशा थांबणार नाहीत.

सासूबाई


२१ जून
(दारावर टाचणीने लावलेली चिठ्ठी)

आलीस?

तुझं कार्ड वाचलं. "आई, काही उपटू नका. दोऱ्यावरून मलाही कळत नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने परत." सुरुवातीचा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला, तेवढं तुला माहीत असावं.

किल्ली चौकटीच्या वर, तू ठेवायचीस तिथेच. चहा ओट्यावर झाकलाय, गरम करून घे. पोळ्या डब्यात. न्हाणीघराच्या दारातल्या डब्यांना ठेचकाळू नकोस, गेल्या वर्षी उपटलेल्यांची पोरं आहेत.

मी मास्तरीणबाईंकडे बसलेय. घरात थांबले असते, पण तू पहिल्यांदा बघशील तेव्हा मी तोंडाकडे बघत उभी राहणार, आणि ते बरं दिसत नाही. आणि उपटताना मला बघवणार नाही. तुझं झालं की कुंपणावरून हाक मार. मला आत्ताच ऐकू येतंय असं वाटतंय.

तो संध्याकाळपर्यंत येणार नाही. मी सांगितलं नाही, तोच म्हणाला. जाताना टोप्या धुऊन दोरीवर घालून गेलाय, त्या वाळल्या असतील.

तुला हवं ते ठेव, हवं ते काढ. मी एका शब्दाने विचारणार नाही. फक्त डावीकडचं ते वाकडं, फिकट झाड. त्याला मी पांढरा दोरा बांधलाय. ते तुझ्या वाणात बसत नाही, मला कळतं. त्याला टोपी घालून ठेवलीय, त्याच्यापायी तुझं काही बिघडणार नाही. ते उपटू नकोस. ते माझं आहे.

दुसरा पांढरा दोरा किल्लीला बांधलाय. ती जाताना घेऊन जा. पुढच्या वर्षीही बघायला कुणीतरी लागेल, आणि मी काही चौकटीपर्यंत हात पुरतो तोवरच पुरणार.

चहात साखर घातलेली नाही, तुला लागत नाही.